खटका किती आवळायचा

साखरेची बरणी उघडण्याचे पक्केकाकूंचे चार टप्पे होते. आधी नुसत्या हाताने. मग ओल्या टॉवेलने. मग बरणी उलटी धरून बुडावर तळहाताचे तीन तडाखे. आणि शेवटी झाकण गरम पाण्यात बुडवून, बरणीकडे पाठ फिरवून, तिला विचार करायला दोन मिनिटं द्यायची. त्या मंगळवारी सकाळी पावणेआठला बरणी चौथ्या टप्प्यात होती आणि चहा बिनसाखरेचा ताटकळला होता.

बरणी लावणारा माणूस बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता.

ते पक्केकाका. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कुठलीही वस्तू लावून, मिटवून, आवळून झाली की त्यांच्या तोंडून "पक्कं" एवढा एकच शब्द निघायचा, आणि गल्लीने तोच उचलून त्यांना चिकटवला. काकूंना तो लग्नामुळे मिळाला. काकांच्या हाताखालून गेलेली वस्तू पुन्हा सुखासुखी उघडत नसे. नळ, छत्री, टूथपेस्टचं टोपण, खिडकीची कडी. मुलगी शाळेत होती तेव्हा तिचा डबा काकांनी लावून दिला की मधल्या सुट्टीत दोन शिक्षक कामाला लागायचे, आणि एकदा तर तिसऱ्यांना प्रयोगशाळेतून बोलवावं लागलं होतं. मुलगी आता दुसऱ्या शहरात संसाराला लागली आहे. तिच्या घरी एकाही बरणीला झाकण नाही. कागद ठेवून दोरा बांधलेला असतो.

पूर्वी निदान एक सोय होती. काकूंनी हाक मारली की काका यायचे, दोन बोटांनी झाकण फिरवायचे, "हे काय घट्ट आहे?" असं म्हणायचे आणि जायचे. गेले तीन महिने हाकेला नुसतं "आलो" असं उत्तर यायचं. मागोमाग माणूस यायचा नाही. शिवाय कामाच्या टेबलावर असायची ती रबराची पट्टी, झाकणाला गुंडाळून फिरवायची, ती आता काकांच्या शर्टाच्या खिशात राहायला आली होती. काकूंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "असू दे." काकूंनी असू दिली. झाकणं मात्र तेव्हापासून पहिल्यापेक्षा जास्त घट्ट बसू लागली होती. हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण ध्यानात आलेली गोष्ट लगेच बोलून टाकायची त्यांना सवय नव्हती. त्या ती मुरू देत.

चौथ्या टप्प्यातली दोन मिनिटं संपत आली तेवढ्यात दार वाजलं.

दाराला बेल होती. पण काकांनी ती दुरुस्त केल्यापासून तिचं बटण कुणाला दाबता येत नसे, म्हणून माणसं दारच वाजवत. दारावर पाटी होती, काकांच्याच अक्षरातली: 'कॅमेऱ्याच्या स्टँडचे पाय दुरुस्त करून मिळतील.' पाटी घाईत वाचणारेही असतात. मागे एक आजोबा स्वतःचाच सुजलेला पाय घेऊन आले होते. काकांनी त्यांना खुर्ची दिली, पाय बघितला आणि हे आपल्याकडे होत नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं.

या वेळी दारात फोटोवाल्या बाई होत्या. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या खोलीत त्या ओळखपत्रांचे फोटो काढत, आणि वर्षातून दोन महिने शाळाशाळांतून वर्गांचे गट फोटो. वय पंचेचाळिशीचं. उजव्या मनगटावर लांब व्रण, गेल्या वर्षी जिन्यावरून पडल्या होत्या त्याचा. रुसलेल्या मुलाला उचलून आणावं तसा त्यांनी स्टँड काखोटीला मारला होता.

"काका, हा उघडून दाखवा," त्या आत येता येताच म्हणाल्या.

"तीन महिन्यांपूर्वीच दिलाय मी तुम्हाला करून. घसरला का?"

"नाही."

"मग झालं की."

"उघडतही नाही."

"घसरत नाही ना?" काका पेपराची घडी करत म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

"काका, मी काही कपाट घेऊन फिरत नाही. त्याला तीन पाय आहेत, आणि ते आतबाहेर व्हायला पाहिजेत."

काकूंनी बरणी तशीच पाण्यात ठेवली आणि बाईंना खुर्ची ओढून दिली. बाईंनी बसून सगळं सांगितलं, आवाज न चढवता. दुरुस्तीनंतर पहिल्यांदाच स्टँड बाहेर काढून आठवड्यापूर्वी एका शाळेत गेल्या होत्या. पहिला वर्ग, बेचाळीस मुलं उन्हात चार ओळींत उभी, पुढे खुर्च्यांवर शिक्षक, आणि स्टँडचा एकही खटका उघडेना. वॉचमनला बोलावलं. त्याने चपलेने ठोकून दोन पाय उघडले. तिसरा उघडला नाही, म्हणून तो बाकावर ठेवला. फोटोत सगळी शाळा जराशी डावीकडे निघाली आहे असं दिसतं.

"बाकीचे बारा वर्ग या गुरुवारी आहेत," बाई म्हणाल्या. "शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलंय, तुम्हाला स्टँड उघडायला वेगळा माणूस लागत असेल, तर आम्ही फोटोला सरळ त्या माणसालाच बोलावू. अकरा वर्षं करतेय मी ही शाळा. ती गेली की बाकीच्या दोनही जातील, तिघी मोठ्या बाई एकमेकींच्या मैत्रिणी आहेत. गुरुवारी हे पाय माझे मला उघडता आले पाहिजेत. एवढंच आहे."

काकांनी स्टँड मांडीवर आडवा घेतला. प्रत्येक पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या, आणि जोडावर एकेक खटका. खटक्याचा कान बोटाने उचलला की नळी मोकळी, खाली दाबला की जखडलेली. असे सहा. काकांनी पहिल्या खटक्याखाली अंगठा घातला आणि तसेच राहिले. बघणाऱ्याला वाटलं असतं, माणूस विचार करतोय. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. काकांच्या अंगठ्याचं मूळ सुजलं होतं आणि कातडी चकचकीत झाली होती.

काकांनी अंगठा काढून घेतला आणि टेबलावरचा चपटा पेचकस उचलला.

"तो उपाय मीही केला," बाई म्हणाल्या. "हे बघा ओरखडे."

काकांनी पेचकस खाली ठेवला.

खरं म्हणजे काकांचा हा घट्टपणा स्वभावातला नव्हता, तो मिळवलेला होता. तरुणपणी ते एका फोटो स्टुडिओत मदतनीस होते. नोकरीचा चौथा महिना. एका घरातली अकरा माणसं पडद्यासमोर बसवून झाली होती, सगळ्यात लहान बाळ एकदाचं रडायचं थांबलं होतं, आणि त्या क्षणी स्टँडचा पुढचा पाय हळूच आत सरकू लागला. कॅमेऱ्याने आधी मान खाली घातली, मग पूर्ण नमस्कार केला, मग जमिनीवर आला. मालक ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "खटका कोणी लावला?" काका म्हणाले, "मी." मालक म्हणाले, "लावला होता की नुसता टेकवला होता?" याचं उत्तर काकांना देता आलं नाही. पुढची सव्वीस वर्षं ते त्याच स्टुडिओत होते आणि दिसेल ती वस्तू लावून ते उत्तर देत होते. स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्यांनी घराच्या बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं. काकूंना हा किस्सा लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळला. त्यानंतर झाकणांवरून त्यांनी कधी वाद घातला नाही.

"दुकानदार म्हणतो, हा टाका आणि फिरकीचा घ्या," बाई सांगत होत्या. "खटक्यात बोट चिमटतं, पिशवीचा पट्टा अडकतो. फिरकीचा सडपातळ असतो, जोडावरच्या कड्या एकदम मुठीत धरल्या की एका पिळात सगळा पाय मोकळा. मला घ्यायचा नाहीये. पण गुरुवारपर्यंत दुसरा उपाय नसेल तर घेईन."

काका सरळ बसले. कुणी फिरकी आणि खटका हा विषय काढला की ते बसल्या जागी दोन इंच उंच होत.

"तो ओला टॉवेल आण गं जरा," ते काकूंना म्हणाले. आणि बाईंना, "पिळा."

बाईंनी टॉवेल पिळला. मनगट अर्ध्यात अडलं. उरलेला पीळ खांद्याने दिला, आणि थोडा तोंडाने.

"बारा वर्ग. तीन पाय. पायाला दोन कड्या. उघडताना एकदा, लावताना एकदा. आता ते दार तळहाताने ढकला."

बाईंनी दार ढकललं. दार भिंतीवर जाऊन आदळलं.

"तुमच्या हाताला ढकलता येतं, पिळता येत नाही. दुकानदाराने तुमचा हात बघितला का? त्याने स्वतःचा बघितला. फिरकी चांगलीच असते, नाही कोण म्हणतं. धूळ, वाळू आत जात नाही तिच्यात. पण ती लागलीय की नाही हे लांबून कळत नाही, हात लावून बघावं लागतं. खटका उघडा राहिला तर त्याचा कान उभा दिसतो. मुलांना रांगेत लावता लावता मागे वळून एक नजर टाकली की समजतं. तुम्हाला खटकाच."

काकांना सलग इतकं बोलताना काकूंनी फार दिवसांनी ऐकलं. त्यांनी चहात साखरेऐवजी मध घातला, कारण मधाच्या बाटलीला टोपण नव्हतं, आणि तिघांना कप दिले.

खटक्याच्या मागे एक बारीक स्क्रू असतो. एल आकाराच्या छोट्या चावीने तो आवळला की खटका कडक होतो, सैल केला की हलका. काकांनी पहिल्या खटक्याचा स्क्रू पाव फेरा सैल केला. बाईंनी तळहाताच्या कडेने ढकलून बघितलं, हलला नाही. आणखी पाव फेरा. हलला नाही. आणखी निम्मा, आणि खटका टपकन उघडला. बाईंचा चेहराही त्याबरोबर उघडला. बाकीचे पाचही तसेच केले.

"आता वजन," काका म्हणाले. "कॅमेऱ्याच्या दुप्पट लावायचं. पिठाची पिशवी आण."

"आजचंच दळण आहे ते," काकू म्हणाल्या, पण आणली. काकांनी पाय लांब करून स्टँड उभा केला आणि पिशवी मधोमध टांगली. तिघं बघत बसले. मिनिटभर काही झालं नाही. मग पुढचा पाय बोटभर आत गेला. मग आणखी बोटभर. पिशवीने मान खाली घातली आणि ती सावकाश जमिनीवर आली. खोलीत पांढरा ढग उठला आणि काकांच्या मिशीवर बसला.

"चाळायचंच होतं," काकू म्हणाल्या.

पिठाखाली काकांचा चेहरा काय रंगाचा झाला ते दिसत नव्हतं, पण काकूंना ते कळायला रंगाची गरज नव्हती. एका हाताने चावी उचलून ते स्क्रू भराभर आवळत सुटले, पाव, अर्धा, एक पूर्ण फेरा.

"थांबा," काकू म्हणाल्या. "आधी उघडून बघू द्या."

"अगं, तुला यातलं काय कळतं?"

"अहो, एकतीस वर्षं तुम्ही लावलेली झाकणं मी उघडतेय. या घरात लावायचा अनुभव तुमचा असेल. उघडायचा माझाच आहे."

फोटोवाल्या बाई कपात बघू लागल्या. चहा केव्हाच संपला होता.

काकांनी चावी काढून घेतली. काकूंनी खटका ढकलून बघितला. "आपल्या साखरेच्या बरणीइतका," त्या म्हणाल्या. काकांनी थोडा सैल केला. "लोणी काढावं तसा निघतोय." पिशवी टांगली, पाय घसरला. थोडा आवळला. बरणी. थोडा सैल. लोणी. असं पाच वेळा झालं. घसरणारा खटका आणि न उघडणारा खटका यांच्या मधे जागाच सापडेना. सहाव्या वेळी काकूंनी चावी काकांच्या हातातून हळूच घेतली आणि टेबलावर ठेवली.

"मधे काहीच नाही असं कसं असेल? नवा घेतला तेव्हा चालत होता ना हा?"

"सात वर्षं चालला," बाई म्हणाल्या. "उघडायचा पण आणि थांबायचा पण."

काकांनी खटक्यावरचे ओरखडे बोटाने चाचपले.

"आतलं अस्तर गेलंय," ते म्हणाले. "खटक्याच्या आत प्लास्टिकची पातळ पट्टी असते, नळीभोवती. तीच नळीला धरते. ती झिजली की कितीही आवळा, धरण्याऐवजी नुसती चावते. तीन महिन्यांपूर्वीच बदलायला हवी होती. मी नुसतं आवळून दिलं."

"का?" बाईंनी विचारलं. रागाने नाही, माहिती म्हणून.

"ती काढायची तर खटका सबंध उघडावा लागतो. आत नख घालून, अंगठ्याने दाबून…" काकांनी वाक्य तिथंच सोडलं. "घसरत नाही एवढं बघितलं. उघडतो का ते बघितलं नाही. बघता आलं नाही."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून रबराची पट्टी काढली आणि काकूंच्या पुढ्यात ठेवली. काकूंनी ती उचलली, स्वयंपाकघरात गेल्या, पाण्यातल्या बरणीच्या झाकणाला गुंडाळली आणि फिरवली. झाकण फिरलं. आतून त्या एवढंच म्हणाल्या, "तीन महिने."

"आता सांगितलं ना," काका बाहेरून म्हणाले.

अस्तरं काकूंनी बदलली. काकांकडे जुन्या मोडक्या स्टँडांचा एक खोका होता, त्यातून मापाच्या सहा पट्ट्या त्यांनी डोळ्यांनी निवडल्या. डोळे अजून ठणठणीत होते. ते शेजारी बसून सांगत होते आणि काकू करत होत्या. "तो स्क्रू आधी. तो नाही, त्याच्या मागचा. खटका सरकव वर. आता नख घाल. ओढू नकोस, सोलल्यासारखं कर." काकूंनी सोलल्यासारखं केलं. झिजलेलं अस्तर आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. काकांनी ते बाईंना दाखवलं, पुराव्यासारखं. नळ्या कोरड्या फडक्याने पुसल्या. बाई तेल देऊ का म्हणाल्या तेव्हा काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी विषय बदलला.

नव्या अस्तरावर स्क्रू पूर्वीच्या निम्म्याइतकाही आवळावा लागला नाही. बाईंनी तळहाताच्या कडेने ढकललं, खटका उघडला. दाबला, लागला. पिठाची पिशवी टांगली. काकूंनी भात टाकला, काकांनी मिशी झटकली, बाईंनी घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटांनी पिशवी होती तिथेच होती.

"आता हा स्क्रू इथून हलायला नको," काका म्हणाले. "नखाला लावायचा रंग आहे का गं तुझ्याकडे? एक थेंब डोक्यावर ठेवला की धरून राहतो. आणि कुणी फिरवला तर रंग तुटलेला दिसतो."

काकूंकडे बाटली होती, भाचीच्या लग्नाच्या वेळची. टोपण अर्थातच काकांनी लावलेलं होतं. या वेळी पट्टी काकूंच्या जवळ होती. सहा स्क्रूंवर सहा गुलाबी थेंब बसले. सात वर्षांच्या काळ्या स्टँडवर ते जरा नटल्यासारखे दिसत होते.

"आणि एक," काका बाईंना म्हणाले. "गट फोटोला कॅमेरा छातीच्या उंचीला लागतो. तेवढ्याला वरचे तीनच खटके पुरतात. आधी वरच्या जाड नळ्या काढायच्या, खालच्या बारीक आत बंदच राहू द्यायच्या. म्हणजे सहाऐवजी तीनदाच ढकलायचं, आणि स्टँडही जास्त खंबीर उभा राहतो. तुम्ही आजवर खालून सुरुवात करायचात ना?"

"अकरा वर्षं," बाई म्हणाल्या.

बुधवारी काकांनी काहीच काम केलं नाही. गुरुवारी सकाळपासून ते टेबलाशी बसून स्क्रूंचे डबे रिकामे करत होते आणि पुन्हा भरत होते. अकरा वाजता म्हणाले, "आता चौथा वर्ग चालू असेल." साडेबाराला म्हणाले, "ऊन फार आहे. प्लास्टिक उन्हात नरम पडतं."

"पडलं तर पडलं," काकू म्हणाल्या.

"पडलं तर पडलं कसं?"

"मग जाऊन स्टँड धरून उभे राहा. वेगळा माणूस म्हणून तुम्हालाच काम मिळेल."

दीडला काकांनी जेवताना दोनदा दाराकडे बघितलं.

साडेचारला दार वाजलं. फोटोवाल्या बाईंच्या काखेत स्टँड होता, चेहरा उन्हाने लाल, आणि बोलण्यात तोच न चढणारा आवाज. बाराच्या बारा वर्ग झाले. सातव्या वर्गाच्या वेळी जागा उतरती होती, एक पाय आखूड करावा लागला. मोठ्या बाई शेजारीच उभ्या होत्या, हाताची घडी घालून. बाईंनी खाली वाकून तळहाताने खटका ढकलला, नळी आत घेतली, खटका दाबला आणि कॅमेऱ्यामागे गेल्या. वॉचमन मदतीला आला होता, त्याला त्यांनी सावलीत बसायला सांगितलं.

"काय म्हणाल्या मोठ्या बाई?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. निघताना म्हणाल्या, पुढच्या वर्षी जरा लवकर या, ऊन होतं. आणि ते गुलाबी काय आहे म्हणून विचारलं."

"मग?"

"म्हटलं, फॅशन आहे."

बाई एक दुसरा स्टँड ठेवून गेल्या, त्यांच्या ओळखीतल्या कुणाचा तरी, पाय घसरतो म्हणून. त्या गेल्यावर काकांनी तो टेबलावर घेतला. या वेळी त्यांनी आधी खटका खोलायला काकूंना दिला, अस्तर बघितलं, ते चांगलं होतं. मग चावीने स्क्रू जरासा आवळला. तोंड उघडलं, पण नेहमीचा शब्द बाहेर आला नाही. त्यांनी स्टँड फिरवला आणि खटक्याची बाजू काकूंच्या समोर केली.

"हा उघडून बघ," ते म्हणाले. "हाच असं नाही. मी लावलेला प्रत्येक खटका, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी, तू एकदा उघडून बघत जा."